साठ दिवसांचं कलम: नेपाळच्या शांतता कराराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पंधरा-वीस जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो आणि कुठला तरी एक तह किंवा करार मुळापासून वाचतो. भाषण नाही, पाहुणे नाहीत. कलमं वाचायची आणि भांडायचं. दहा वर्षांच्या युद्धानंतर सरकार आणि माओवादी यांच्यात झालेला नेपाळचा २००६ चा करार एका बैठकीत उरकू असं वाटलं होतं, लागल्या चार. तेव्हापासून जिन्यात, बसस्टॉपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, मला तेच ते प्रश्न विचारले जातात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते आहे. काही उत्तरं एका ओळीची आहेत, काही लांबली आहेत.

पुण्यात बसून नेपाळची उठाठेव कशाला?

कारण नेपाळ आपल्या गेटवर बसलेला असतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. पश्चिम नेपाळातल्या अछाम, बाजुरा, डोटी, कैलाली, बर्दिया या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं महाराष्ट्रात येतात. युद्धाच्या वर्षांत त्यात पळून आलेल्या पोरांची भर पडली. घरी राहिलं तर माओवादी दलात ओढायचे, नाही गेलं तरी सैन्य माओवादी समजून उचलायचं. मधल्या मध्ये हॉटेलातली भांडी आणि सोसायटीचं गेट बरं.

आमच्या सोसायटीत वीस वर्षांत तीन वेगवेगळे नेपाळी रखवालदार झाले. रजिस्टरमध्ये तिघांचंही नाव ‘बहादूर’ आहे.

दुसरं कारण साधं. मूळ करार नेपाळीत, म्हणजे देवनागरीत आहे. ‘विस्तृत शान्ति सम्झौता’ हे नाव वाचायला दुभाषा लागत नाही.

युद्ध कशावरून झालं?

फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवाद्यांचे नेते बाबुराम भट्टराईंनी तेव्हाचे पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांना ४० मागण्यांचं पत्रक दिलं. जमीन, राजेशाहीचे विशेषाधिकार, जातिभेद, भाषा, भारताबरोबरचे असमान करार, असं सगळं त्यात होतं. उत्तराची मुदत संपायच्या आतच, १३ फेब्रुवारीला, माओवाद्यांनी पोलीस चौक्यांवर हल्ले करून ‘जनयुद्ध’ सुरू केलं. २००१ च्या जूनमध्ये राजवाड्यात राजघराण्याचं हत्याकांड झालं, त्याच वर्षाच्या शेवटी आणीबाणी आली आणि सैन्य उतरलं. मृत्यूंचा आणि बेपत्ता होण्याचा कळस त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. एकूण मृतांचा आकडा १३ हजारांपासून १७ हजारांपर्यंत सांगितला जातो. जास्त माणसं सरकारी दलांच्या हातून मेली, पण माओवाद्यांच्या नावावरही हजारो आहेत. ही दुसरी बाजू पुढे सारखी लागणार आहे, म्हणून आत्ताच लिहिली.

मग करार कसा झाला?

राजा ज्ञानेंद्रांनी १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता स्वतःच्या हातात घेतली आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले पक्ष नि माओवादी यांना एकच शत्रू मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत त्यांच्यात १२ कलमी समझोता झाला. २००६ च्या एप्रिलमध्ये काठमांडूचे रस्ते माणसांनी भरले, राजाला संसद परत बोलवावी लागली. २१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे प्रमुख प्रचंड म्हणजे पुष्पकमल दाहाल यांनी करारावर सह्या केल्या.

सगळे म्हणतात करार यशस्वी झाला. मग राहिलं काय?

यशस्वी झाला हे खरंच आहे, ते नाकारून पुढे जायचं नाही. युद्ध पुन्हा पेटलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ‘अनमिन’ या पथकानं माओवाद्यांची माणसं आणि हत्यारं मोजली. सात मुख्य छावण्या, त्यांना जोडलेल्या एकवीस उपछावण्या. हत्यारं लोखंडी कंटेनरमध्ये बंद, कुलपाची किल्ली माओवाद्यांकडे, आणि कंटेनरला संयुक्त राष्ट्रांचा भोंगा नि कॅमेरा. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नाही हे गृहीत धरून केलेली व्यवस्था असल्यामुळेच ती चालली, असं माझं मत. संविधान सभेची निवडणूक एप्रिल २००८ मध्ये झाली, २८ मे रोजी २४० वर्षांची राजेशाही संपली. पेरलेले सुरुंग काढून २०११ मध्ये देश सुरुंगक्षेत्रमुक्त जाहीर झाला. २०१२ मध्ये छावण्या सैन्याच्या ताब्यात गेल्या. २० सप्टेंबर २०१५ ला नवी राज्यघटना आली.

आता यादी नीट बघा. यातल्या प्रत्येक कामाच्या मागे कुणीतरी वजनदार उभा होता: पक्ष, सैन्य, संयुक्त राष्ट्रं, दिल्ली, देणगीदार देश. ज्या कलमांच्या मागे फक्त कुणाची तरी आई उभी होती, ती राहिली. चार बैठकांनंतर माझ्या हाती एवढंच लागलं.

‘साठ दिवसांचं कलम’ म्हणजे नेमकं कुठलं?

५.२.३. दोन्ही बाजूंनी युद्धात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता केलेल्यांची नावं, आडनावं आणि पत्ते सही झाल्यापासून ६० दिवसांत जाहीर करायचे आणि घरच्यांना कळवायचे. एवढंच. भरपाई नको, खटला नको, पुतळा नको. नुसती यादी.

आमच्या गटातले एक निवृत्त तहसीलदार म्हणाले, संपूर्ण करारातलं हे सगळ्यात स्वस्त कलम. कागद, शाई आणि पोस्टाचं तिकीट. लष्कराला माहीत होतं कुणाला कुठल्या बराकीत नेलं, पक्षाला माहीत होतं कुणाला कुठल्या डोंगरावर नेलं. ६० दिवस २० जानेवारी २००७ ला संपले. यादी आली नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या नोंदीत अजूनही १,३०० हून जास्त माणसं बेपत्ता आहेत.

तिऱ्हाइतांनी मात्र शोध घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं मे २००६ मध्ये, म्हणजे कराराच्याही आधी, काठमांडूतल्या महाराजगंज इथल्या भैरवनाथ गणाच्या म्हणजे लष्करी पलटणीच्या बराकीवर अहवाल काढला. तिथे २००३ मध्ये ठेवलेल्या ४९ माणसांचा पुढे पत्ता लागला नव्हता. २००८ च्या डिसेंबरात त्याच कार्यालयाचा बर्दियावर अहवाल आला. देशात सर्वाधिक माणसं बेपत्ता झालेला हा जिल्हा, दोनशेहून जास्त. त्यातले बहुतेक थारू, म्हणजे तराईतले मूळचे शेतकरी, त्यातले कित्येक दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे.

‘बेपत्ता झाले’ म्हणायचं की ‘बेपत्ता केले’?

नेपाळीत हा प्रश्नच उरत नाही. तिथला आयोग ‘बेपत्ता पारिएका व्यक्तीं’च्या चौकशीचा आहे. ‘पारिएका’ म्हणजे ‘केले गेलेले’. मराठीत आपण सहज ‘बेपत्ता झालेले’ लिहून जातो आणि जत्रेत चुकलेलं पोर नि मध्यरात्री दार ठोठावून नेलेला माणूस एकाच ओळीत बसतात. या पानावर जिथे जिथे ‘बेपत्ता’ आलं आहे तिथे ‘पारिएका’ वाचा.

एवढी वर्षं झाली, घरच्यांना कळत नाही का की माणूस गेला?

हा प्रश्न पुण्यात विचारला जातो याचं मला नवल वाटतं. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते कधी मानलं नाही. वैधव्य स्वीकारलं नाही. १७८३ मध्ये वारल्या, म्हणजे बावीस वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. मधल्या काळात मीच भाऊ म्हणत तोतया उभा राहिला, त्याच्या मागे माणसं जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. पेशव्यांच्या घरात ही गत, जिथे हेरही होते आणि पैसाही.

बर्दियातल्या बाईकडे यातलं काही नाही. सिंदूर भरावा तर गाव बोलतं, पुसावा तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखं होतं. जमीन त्याच्या नावावर, ती फिरवायची तर मृत्यूचा दाखला हवा आणि दाखला मागायचा तर तो मेला असं स्वतः लिहून द्यायला हवं. मुलांच्या नागरिकत्वाच्या कागदावर बापाची सही हवी. श्राद्ध घालावं की नाही? आपल्याकडे बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची रीत आहे, तिकडे कुशाचा पुतळा करतात. काही घरांनी तो जाळला. काहींनी भटजींना दारातूनच परत पाठवलं.

सरकारनं मदत दिली नाही असं नाही. मृत आणि बेपत्ता यांच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत रक्कम मिळाली. पण त्या मदतीला ‘अंतरिम’ म्हणतात, आणि छळ झालेल्यांना नि बलात्कार झालेल्या बायकांना त्या यादीत जागाच नव्हती. तेव्हाच्या कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करायची होती. घटना बराकीत घडलेली, गावात संचारबंदी. पस्तीस दिवस!

दोन आयोग नेमले होते ना? त्यांनी काय केलं?

तक्रारी गोळा केल्या.

थोडं सविस्तर सांगायचं तर करारानंतर आयोगांचा कायदा व्हायलाच २०१४ साल उजाडलं. आधी एक अध्यादेश आला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षाच्या जानेवारीत रद्द ठरवला, कारण त्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफीची वाट ठेवली होती. सरकारनं तीच वाट नव्या कायद्यात पुन्हा घातली. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायालयानं ती पुन्हा काढली. सरकार फेरविचार मागायला गेलं, २०२० मध्ये तेही फेटाळलं गेलं. यात चूक कुणाच्याही लक्षात आली नव्हती असं म्हणायला जागा नाही.

२०१५ मध्ये दोन्ही आयोग बसले. एक सत्य निरूपण आणि मेलमिलाप आयोग, दुसरा बेपत्ता केलेल्यांचा. (‘निरूपण’ म्हटलं की आपल्याला कीर्तनातला पूर्वरंग आठवतो, गटात त्यावरून बराच हशा झाला. मेलमिलाप म्हणजे समेट.) पहिल्याकडे ६३ हजारांहून जास्त तक्रारी आल्या, दुसऱ्याकडे तीन हजारांहून जास्त. नेपाळीत तक्रारीला ‘उजुरी’ म्हणतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांनी रांगा लावून उजुऱ्या दिल्या. मग मुदतवाढ, नवे सदस्य, पुन्हा मुदतवाढ. जुलै २०२२ नंतर जवळजवळ तीन वर्षं दोन्ही आयोगांत एकही सदस्य नव्हता. कार्यालयं होती, कारकून होते, उजुऱ्यांची कपाटं होती.

आपल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ ऐकलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शांतता आणि पुनर्निर्माण मंत्रालयही २०१८ मध्ये मंत्रालयांची संख्या कमी करताना बंद झालं. काम शिल्लक होतं, खातं संपलं.

अडवतंय कोण? सैन्य की माओवादी?

दोघं मिळून. इथेच सगळी मेख आहे.

प्रचंड तीनदा पंतप्रधान झाले. देउबा, ज्यांना १९९६ मध्ये ते ४० मागण्यांचं पत्रक दिलं होतं आणि ज्यांच्या काळात पुढे सैन्य उतरलं, ते एकूण पाचदा. दोघं एकमेकांच्या सरकारात बसले, उठले, पुन्हा बसले. फाइल उघडली तर एकाच्या बाजूला बराकी निघतात, दुसऱ्याच्या बाजूला गावातल्या ‘जनअदालती’, म्हणजे माओवाद्यांनी चालवलेली न्यायालयं. दोन भाऊबंद जमिनीवरून कोर्टात भांडतात, पण तिसऱ्यानं मोजणी मागितली की दोघांचं एकमत होतं, तसलाच प्रकार.

जानेवारी २०२० मध्ये प्रचंडांनी काठमांडूतल्या एका जाहीर सभेत सांगितलं की १७ हजार मृत्यूंचा दोष आपल्यावर टाकतात ते खरं नाही, पाच हजारांची जबाबदारी आपण घेतो, उरलेले राजेशाहीच्या माथी. पाच हजार. माणूस आकडा असा वाटून घेतो तेव्हा यादी का येत नाही ते कळतं. यादीत नावं असतात आणि नावांची अशी वाटणी करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या भाषणावरची याचिका दाखल करून घ्यायचा आदेश दिला, तेव्हा प्रचंड पंतप्रधान होते.

म्हणजे कुणालाच शिक्षा झाली नाही?

झाली, पण कशी ते बघा.

काभ्रे जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला फेब्रुवारी २००४ मध्ये सैन्यानं घरातून नेलं. पांचखालच्या बराकीत छळात ती मेली आणि तिथेच पुरली गेली. लष्करी न्यायालयानं तीन अधिकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली, तीही चौकशीच्या काळातच भोगून झाली असं धरलं. आई मागे हटली नाही. २००७ मध्ये अवशेष उकरून काढले गेले. एप्रिल २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयानं तिघांना खुनाबद्दल जन्मठेप दिली, आरोपी गैरहजर असताना. निकाल आहे, कैदी नाही.

दुसऱ्या बाजूचं. ओखलढुंगातल्या एका माओवादी नेत्याची खुनाबद्दलची जन्मठेप २०१० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. तो तेव्हा संविधान सभेचा सदस्य होता. पुढची पावणेआठ वर्षं पोलिसांना तो सापडत नव्हता, सभांमध्ये मात्र दिसत होता. २०१७ च्या ऑक्टोबरात अखेर पकडला, २०१८ च्या मे महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या माफीत सुटला.

दैलेखच्या एका पत्रकाराच्या खुनात खालच्या फळीतल्या माओवादी कार्यकर्त्यांना २०१४ मध्ये शिक्षा झाल्या, तुलनेनं सौम्य. आणि गोरखा जिल्ह्यातलं ते जोडपं, ज्यांचा मुलगा २००४ मध्ये चितवनमध्ये मारला गेला. दोघं उपोषणाला बसली. नवरा अकरा महिन्यांच्या आसपास उपोषण करून सप्टेंबर २०१४ मध्ये वारला. न्याय मिळेपर्यंत बायकोनं प्रेत ताब्यात घेतलं नाही, ते रुग्णालयाच्या शवागारात वर्षानुवर्षं राहिलं. गटात हे वाचल्यावर त्या शनिवारी चहा कुणी मागवला नाही.

२०२४ मध्ये नवीन कायदा झाला असं वाचलं. मग आता?

ऑगस्ट २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या पक्षांनी मिळून जुन्या कायद्यात दुरुस्ती केली. न्यायालयानं दोनदा कान धरल्याचा परिणाम आहेच, शिवाय आणखी एक भीती होती. २०१३ च्या जानेवारीत नेपाळी सैन्याच्या एका कर्नलला ब्रिटनमध्ये छळाच्या आरोपावरून अटक झाली होती. २०१६ मध्ये तो सुटला, पण घरात खटला चालला नाही तर परदेशात चालू शकतो हे सगळ्यांना उमगलं.

दुरुस्तीनं गुन्ह्यांच्या दोन पायऱ्या केल्या. वरच्या पायरीवरच्या गंभीर गुन्ह्यांना (बलात्कार, बेपत्ता करणं, क्रूर छळ, ठरवून केलेले खून) माफी नाही, त्यांच्यासाठी विशेष न्यायालय. पण खरं सांगितलं, माफी मागितली, सहकार्य केलं तर महान्यायाधिवक्ता, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मागू शकतो. लैंगिक अत्याचाराच्या उजुरीसाठी नव्यानं तीन महिन्यांची खिडकी उघडली. पीडितांच्या संघटनांत यावरून दोन तट पडले. काहींच्या मते इतक्या वर्षांनी एवढं मिळतंय तर घ्या, काहींच्या मते ७५ टक्के सूट म्हणजे सेलच.

मे २०२५ मध्ये आयोगांवर नवे सदस्य आले आणि निवड पक्षांनी आपसांत वाटून घेतली म्हणून बऱ्याच पीडितांनी त्यांना मानायला नकार दिला. चारच महिन्यांत, सप्टेंबर २०२५ च्या जेन-झी आंदोलनात सत्तरहून जास्त माणसं मेली. सिंहदरबार (तिथलं मंत्रालय), संसद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इमारती जळाल्या, आणि न्यायालयाला काही दिवस तंबूत काम करावं लागलं. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्या मृत्यूंचीही चौकशी मागितली गेली. बेपत्तांच्या घरांपुढे रांगेत आणखी घरं उभी राहिली.

माओवाद्यांच्या पोरसवदा सैनिकांचं काय झालं?

संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत १९,६०२ लडाकू पात्र ठरले, त्यात ३,८४६ महिला. त्यांतले शेवटी जेमतेम १,४०० नेपाळी सैन्यात गेले, जवळजवळ सगळे बाकीचे हुद्द्याप्रमाणे ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी. पुनर्वसनाचा पर्याय फक्त सहा जणांनी घेतला. रोख हातात असताना शिलाईचं प्रशिक्षण कोण घेईल?

पण तुम्ही विचारताय ते वेगळे. ४,००८ जण अपात्र ठरले: २,९७३ वयानं लहान म्हणून, १,०३५ उशिरा भरती झाले म्हणून. तीन वर्षं छावणीत ठेवून २०१० च्या सुरुवातीला त्यांना बाहेर काढलं. अधिकृत शब्द होता ‘अयोग्य’. बारा-चौदाव्या वर्षी बंदूक दिली, विसाव्या वर्षी शिक्का दिला. करारात लिहिलं होतं की अशा मुलांची लगेच सुटका करायची आणि पुनर्वसनाला मदत करायची. गावात ते ‘अयोग्य’ म्हणूनच पोचले. एका मुलीचं लग्न त्या एका शब्दावरून मोडत असेल तर मला नवल वाटणार नाही.

याला एक ओंगळ पुरवणी आहे. मे २००९ मध्ये एक चित्रफीत बाहेर आली. तीत शक्तिखोर छावणीत प्रचंड आपल्या माणसांना सांगताना दिसतात की आपले खरे सैनिक सात-आठ हजारच होते, आकडा फुगवून आपण जिंकलो. म्हणजे काही पोरं नुसती संख्या भरायला आणली होती.

जमिनी परत मिळाल्या का?

कलम आहे: कब्जा केलेल्या जमिनी, घरं परत करायची. काही ठिकाणी झालं, तराईत बरंच रखडलं. पण एका बाजूनं शंख करू नये. त्याच करारात सरंजामी जमीनमालकी संपवून ‘वैज्ञानिक’ भूसुधारणा करायचंही लिहिलं आहे. परत करायची ती जमीन कुणाची? पुष्कळदा बड्या जमीनदाराची, आणि कसतोय कोण तर कालपर्यंत कमैया म्हणजे वेठबिगार असलेला थारू. कमैया पद्धत २००० मध्ये कायद्यानं बंद झाली, जमीन मात्र सगळ्यांना मिळाली नाही. परतीचं कलम पाळलं की सुधारणेचं कलम मोडतं. कूळकायद्यात आजोबांची वतनाची जमीन गेलेले आणि कूळ म्हणून जमीन मिळालेले, दोन्ही घरांतले लोक आमच्या गटात आहेत. त्या बैठकीत नेपाळ बाजूला राहिला आणि मुळशी तालुका सुरू झाला.

भारताची भूमिका?

समझोता दिल्लीत झाला, त्याचं श्रेय आहे. २०१५ मध्ये राज्यघटनेवरून मधेसींचं, म्हणजे तराईतल्या लोकांचं, आंदोलन पेटलं तेव्हा सीमेवर जवळजवळ पाच महिने नाकाबंदी राहिली. इंधन नाही, औषधं नाहीत, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंप झालेला. नाकाबंदी आम्ही केली नाही असं दिल्ली म्हणते, नेपाळात हे कुणी मानत नाही. बेपत्तांच्या यादीबद्दल दिल्लीनं कधी घाई केल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्या घरीही नागा गटाबरोबर ३ ऑगस्ट २०१५ ला झालेल्या आराखडा कराराचा अंतिम करार व्हायचाच आहे, तेव्हा आवाज फार चढवू नये.

करार न पाळणं काय नवीन आहे? वडगावचा तहही इंग्रजांनी मोडलाच की.

मोडला. जानेवारी १७७९, आपल्या लोकलच्या वाटेवरचंच वडगाव. कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी साष्टीसकट मुलूख परत करायचं लिहून दिलं, ओलीस ठेवले, आणि सैन्य मुंबईला पोचल्यावर कलकत्त्यानं तो तह मान्यच केला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

पण तुलना इथे लंगडी पडते. वडगावला ज्यांना फसवलं ते मराठे होते, त्यांच्याकडे महादजी होते, फौज होती, पुन्हा लढता येत होतं. नेपाळच्या ५.२.३ मध्ये सही करणाऱ्या दोघांपैकी कुणीच फसलं नाही. फसले ते सही न करणारे.

जुनी मढी कशाला उकरायची? देश पुढे गेला.

हे विचारणारे काका दर बैठकीला येतात आणि मनापासून विचारतात, म्हणून उत्तर देते. उकरायला मढं सापडावं लागतं. काभ्रेच्या त्या आईला ते सापडलं, बर्दियात बहुतेकांना खड्डा कुठे आहे हेही सांगितलेलं नाही. काका यावर गप्प बसले, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारलं.

आमच्या गेटवरच्या माणसाला याबद्दल विचारू का?

लगेच नको. आधी नाव विचारा, रजिस्टरमधलं नव्हे. गाव विचारा. चहा द्या. सांगायचं असेल तर तो सांगेल, नसेल तर विषय क्रिकेटवर न्या.

आमच्याकडच्या माणसाला मी चार वर्षं ओळखत होते. बर्दियाचा आहे एवढंच माहीत होतं. एकदा बैठकीहून येताना माझ्या हातात कराराची नेपाळी प्रत होती, ती त्यानं मागितली आणि खुर्चीवर बसून बोट ठेवून वाचायला लागला. ५.२.३ ला थांबला. दीदी, हे साठ दिवस कधी संपले, म्हणाला. मी तारीख सांगितली. २००७ चा जानेवारी म्हणजे आपण डेक्कनवरच्या एका हॉटेलात भांडी घासत होतो, हे त्याला आठवलं. आईचा तेव्हा फोन आला होता की सरकार यादी लावणार आहे, दादाचं नाव बघायला ती गुलरियाला, जिल्ह्याच्या गावी, जाऊन येणार आहे. दादाला नेलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आई किती वेळा गेली असेल, मी विचारलं. त्यानं प्रत घडी करून परत दिली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि तो गेट उघडायला उठला.